एकापासून मोजणारे म्हात्रेदादा

म्हात्रेदादांना प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची असली, की ते आधी पोस्टात जात. थट्टा नाही करत मी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत हा गृहस्थ उत्तराचं कार्ड जोडलेल्या साठ-पासष्ट जोडकार्डांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन पत्ते लिहीत बसलेला मी पाहिला. मला वाटलं घरात कार्य असेल. विचारलं, "आमंत्रणं का?" तर म्हणाले, "नाय ओ. तारीख छापायची पद्धत बदलायची हाय. लोकांना विचारतो."

"कुठल्या लोकांना?"

"वापरतात त्यांना."

"आणि ते नको म्हणाले तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नको बोलले तर नाय बदलायची. त्यात काय?"

मी नवीकोरी पदवी घेऊन आलेली, वय तेवीस, डोक्यात नुसती हवा. घरी जाऊन आईला सांगितलं, आमच्या ऑफिसात एक नमुना आहे. आई म्हणाली, जपून बोल, मोठा माणूस दिसतोय. आईचं मी तेव्हाही ऐकलं नाही.

आमची कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरची, रसायनांची. कॉम्प्युटर विभागात आम्ही चौघं. दादा तळवलीचे, मूळ गावातले. जमीन नवं शहर वसवायला गेली आणि त्या बदल्यात घरटी एक नोकरी म्हणून ते कारखान्यात मदतनीस लागले, मीटर वाचायला. तिथून कुणाच्याही शिफारशीशिवाय, मॅन्युअल वाचून वाचून, कॉम्प्युटरपर्यंत पोचले. विचारात पडले की प्रिंटरच्या कागदाच्या कडेची भोकांची पट्टी फाडून बोटाला गुंडाळत बसायचे. साहेबांशी बोलताना शुद्ध, आमच्याशी निम्मं-निम्मं, आणि तापले की अस्सल आगरी. मला ते 'बाय' म्हणत. मी त्यांना दादा.

कार्डं होती ती 'चौकट'साठी. चौकट हे दादांनी घरच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या वेळात केलेलं काम. तेव्हा सगळीकडे छापील फॉर्म असत: बिलं, पावत्या, दाखले. त्यावर ठकठक करणाऱ्या प्रिंटरने बरोबर खान्यात मजकूर पाडणं म्हणजे डोकेदुखी. दादांनी त्यासाठी तयार तुकडे लिहून ठेवले होते. तुम्ही तुमचा प्रोग्रॅम लिहा, त्यात दादांचा तुकडा नावाने बोलवा, त्याला खान्याचा नंबर द्या आणि मजकूर द्या. मजकूर त्या खान्यात छापून मिळणार. सगळा कोड उघडा. कुणीही घ्या, बघा, पुढे द्या. ओपन सोर्स हा शब्द आमच्यापर्यंत पोचायचा होता. दादा फ्लॉपी देत आणि बदल्यात एकच मागत: नाव, पत्ता, आणि कुठकुठले तुकडे वापरता ते. म्हणून त्यांना ठाऊक असे की अलिबागचे एक मास्तर दाखले छापतात आणि पनवेलचा एक छापखाना पावत्या.

"आतलं आपलं, भायेरचं लोकांचं," हे दादांचं ठरलेलं वाक्य. तुकड्याच्या पोटात काय वाट्टेल ते बदला, वेगवान करा, उलटंपालटं करा. पण त्याला कुठल्या नावाने बोलवायचं, कुठला नंबर आधी द्यायचा, हे लोकांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलेलं असतं. ते तुम्ही बदललंत की तिकडे अलिबागला मास्तरांचा दाखला बिघडतो.

आता कुणाला वाटेल दादा बदलाच्या विरुद्ध होते. मुळीच नाही. त्यांची एक रीत होती. नवी सोय नव्या नावाने करायची, जुनी तशीच ठेवायची. जुनी वापरली की पडद्यावर एक ओळ येणार: ही पद्धत पुढे बंद करायची आहे, अडचण असेल तर कळवा. मग कार्डं टाकायची. सगळ्यांची 'चालेल' आली, की मग जुनी काढायची. वर्ष जाऊ दे, दोन जाऊ देत.

मला हे बघवत नसे. तारीख छापायचे तीन तुकडे, रक्कम छापायचे दोन. "दादा, हे घर आहे की अडगळीची खोली?" मी म्हणायची. "नवीन माणसाने तीनातला कुठला घ्यायचा?" ते हसायचे. "बरोबर बोलतंस बाय. गचाळ झालाय खरा." कबूल करायचे, आणि बदलायचे नाहीत! भांडावं तरी कसं अशा माणसाशी?

एकदा मात्र ते चिडले. मी म्हणाले होते, एवढी कार्डं कशाला, इंटरनेटवर एक सूचना लावू, वाचतील ज्यांना गरज आहे ते. बोटावरची पट्टी सोडून दादा म्हणाले, "आमचे गावात पन सूचना लागली व्हती. शालेचे भितीला. माजे बापाला वाचता येत नव्हता. जमीन गेली तवा सरकारवाले बोलले, आमी तर सांगितलेला." मग एकदम शुद्धावर आले. "सूचना लावणं आणि सांगणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मी विषय सोडला. पटलं म्हणून नाही हं, त्यांचा चेहरा बघून.

याच सुमाराला गौतम आला. परभणीकडचा. न्हावा शेव्याला माल सोडवणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात कारकून होता आणि उलवे गावात भाड्याच्या खोलीत राहायचा. कुठल्याशा क्लासात जेमतेम प्रोग्रॅमिंग शिकला होता. बंदरातून माल बाहेर पाठवायचा तर कस्टमला एक मोठा फॉर्म भरून द्यावा लागे, खानेच खाने. एजंट तो टाइपरायटरवर करून घेई. गौतमला वाटलं, हे कॉम्प्युटरवर का नाही? फ्लॉपी कुणाकडून तरी मिळाली, आणि फ्लॉपीवरचा पत्ता शोधत तो रविवारी तळवलीला दादांच्या दारात उभा राहिला.

दादांनी तीन रविवार त्याच्याबरोबर बसून ते काम उभं केलं. तिसऱ्या रविवारी मीही गेले होते, वहिनींच्या हातची सुकट आणि तांदळाची भाकरी खायला, खोटं कशाला बोलू. पहिला फॉर्म बरोब्बर छापून निघाला तेव्हा गौतमने तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "दादा, मालक म्हणलेत, हे जमलं तर माझं नाव कायमला लावणार हायेत." आणि खरंच लावलं. त्याच्या घरात पगाराची नोकरी धरणारा तो पहिला. दादांना त्याचं कोण कौतुक! त्याचं कार्ड आलं की आम्हाला वाचून दाखवायचे.

आणि मग मी माझं शहाणपण पाजळलं.

चौकटमध्ये खाने एकापासून मोजलेले होते. पहिला खाना एक, दुसरा दोन, कुणाही साध्या माणसासारखं. पण आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो, तिच्यात सगळं शून्यापासून मोजतात. चौकटमध्येसुद्धा दोन नवे तुकडे, दादांना मदत करता करता मीच लिहिलेले, शून्यापासून मोजायचे. म्हणजे एका तुकड्याला पाच सांगितलं तर पाचवा खाना, दुसऱ्याला सांगितलं तर सहावा. मी म्हटलं, सगळं शून्यापासून करून टाकू. दादा म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण नव्या नावाने कर, जुन्याला हात लावू नको. मी म्हटलं, आणखी अडगळ! पंधरा दिवस मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी म्हणाले, "बरं. इचारू लोकांना."

कार्डं गेली. उत्तरं येत राहिली. महिना, दोन महिने, चार महिने. सगळ्यांची आली, आम्ही आमचं दुरुस्त करून घेऊ म्हणून. एक सोडून. गौतमचं.

"एक राहिलाय," दादा रोज म्हणायचे.

"अहो, कामात असेल. काही म्हणत नाही म्हणजे हरकत नाही!"

"तसं नसतं बाय. पुतनीची हलद झाली की मीच जाऊन येतो उलव्याला."

पुतणीच्या लग्नासाठी दादांनी आठ दिवसांची रजा घेतली. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या कॉलेजच्या सर्व्हरवर चौकटला जागा दिली होती, आणि तिथे नव्या फाइली चढवायचं काम माझ्याकडे होतं. पासवर्ड दादांनी विश्वासाने दिलेला. बुधवारी दुपारी, काम नव्हतं म्हणून, मी शून्यापासून मोजणारी चौकट चढवून मोकळी झाले. तेच नाव, त्याच फाइली. सोबतच्या माहितीपत्रात इंग्रजीत दोन ओळी टाकल्या की मोजणी बदलली आहे. म्हटलं, दादा आले की बघतील काम कसं स्वच्छ झालंय. शाळेच्या भिंतीला सूचना लावली मी, दुसरं काय!

गौतमने उलव्यातली खोली बदलली होती. कार्ड जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथेच कुणाच्या तरी खिडकीत पडून राहिलं. त्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. प्रोग्रॅम चौकटचे तुकडे जोडून नव्या मशीनवर पुन्हा बांधायचा, तर चौकटच्या फ्लॉपीला बुरशी धरलेली. इथल्या दमट हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरायचीच. तो वाशीला एका सायबर कॅफेत आला आणि चौकट उतरवून घेऊन गेला. माझी चौकट. प्रोग्रॅम बिनतक्रार बांधला गेला. तिथेच तर घात होता. मी नाव बदललं असतं तर कॉम्प्युटर तिथेच अडला असता, हा तुकडा सापडत नाही म्हणून ओरडला असता. पण आकडा तो आकडाच. पाच म्हटलं की पाच. फक्त आता तो पाच म्हणजे सहावा खाना होता.

त्या दिवशी द्राक्षांचा कंटेनर जायचा होता. जहाज सुटायची वेळ जवळ आलेली, मालकाने प्रिंटरमधून कागद ओढून घेतला आणि सही ठोकून माणसाबरोबर पिटाळला. प्रत्येक मजकूर एकेक खाना पुढे सरकलेला. पेट्यांची संख्या वजनाच्या खान्यात, वजन किमतीच्या खान्यात. कस्टमच्या अधिकाऱ्याने माल अडवला, आणि का अडवू नये त्याने? दुरुस्ती होईपर्यंत जहाज गेलं. द्राक्षं ती द्राक्षं. मालकाने गौतमला त्याच दुपारी काढलं. म्हणे, फुकटातला प्रोग्रॅम माझ्या ऑफिसात आणतोस? टाइपरायटर परत टेबलावर आला.

हे सगळं आम्हाला सोमवारी कळलं. दादा रजेवरून आले, अंगाला अजून हळदीचा वास, आणि तासाभरात गेटवरून निरोप आला की कुणी गौतम आलाय. मीही बरोबर गेले. वॉचमनच्या केबिनबाहेर तो उभा होता. हातात दोन कागद, एक जुना बरोबर छापलेला, एक नवा. त्याने ते शेजारी शेजारी धरले.

दादांनी कागद पाहिले. एकदा. त्यांना क्षणात कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून उरलेलंही कळलं.

"दादा," गौतम म्हणाला, "तुमी मला न विचारता बदललं?"

इथे मी बोलायला हवं होतं. चार शब्द होते. हे मी केलं, गौतम. मी वॉचमनच्या केबिनवरची पाटी वाचत उभी राहिले.

"व्हय," दादा म्हणाले. "चुकलं माझं."

गौतमने कागदांची घडी घातली. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं नसतं वाटलं," म्हणाला, आणि गेला. दादा त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा न्हावा शेव्याला त्या मालकाकडे गेले. दोन तास बाकावर बसले, मग म्हणाले, चूक पोराची नाही, माझी आहे, मला काय बोलायचं ते बोला. मालकाने बोलून घेतलं. नोकरी काही परत दिली नाही.

मी रडले बिडले दादांपुढे. म्हटलं, मला एका शब्दाने तरी बोला. ते म्हणाले, "चौकट माझी हाय. चावी मी दिली तुला. मग चुकलं कोनाचं?"

"पण मी सांगते त्याला. या रविवारी जाते."

"ते तुजं तू ठरव," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी मला ताप होता, थोडासा. त्याच्या पुढच्या रविवारी मी म्हटलं, आता त्याचा राग जरा निवू दे. निमित्तांना काय तोटा? बरं, गौतम हाकेच्या अंतरावर होता. त्याला एका कंटेनर यार्डात काम मिळाल्याचं महिनाभरात कळलं होतं, पत्त्यासकट. दादांनी मला कधी विचारलं नाही, गेलीस का. विचारलं असतं तर गेले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही निमित्तच.

दादांनी आठवड्याभरात सगळी मोजणी पूर्ववत एकापासून केली आणि माझी शून्याची रीत वेगळ्या नावाने शेजारी ठेवली. जे मला मुळात करायला सांगितलं होतं ते. पण त्यानंतर त्यांचा हातच चालेना. बदल सुचवायचे, कार्डं टाकायचे, उत्तरंही यायची. गौतमचं यायचं नाही. त्याच्या यार्डाच्या पत्त्यावर ते दर वेळी कार्ड टाकत, बदल त्याच्या कामाचा असो वा नसो.

"तो आता चौकट वापरतच नाही हो, दादा!"

"म्हनून काय झालं? यादीत हाय ना तो."

नवे प्रिंटर आले, त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी बदलणं भागच होतं. साल दोन हजार जवळ येत होतं, दोन आकडी वर्ष छापणाऱ्या तुकड्यांचं काहीतरी करा म्हणून लोक पत्रांवर पत्रं धाडत होते. दादांना कळत होतं. पूर्वी त्यांनी हेच काम किती सफाईने केलं असतं! आता उत्तर एकच: "एक राहिलाय." आणि तो एक का राहिलाय हे त्या अख्ख्या शहरात दोघांनाच ठाऊक होतं. लोक कंटाळले. छापखानेवाल्याने दुसरं काही तरी घेतलं, मग मास्तरांनी घेतलं. हे माझ्यामुळे झालं. घाई माझी, आणि भीती त्यांना बसली.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर दादांना कावीळ झाली. रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी ते उशीला टेकून बसले होते, डोळे पिवळे, हात काडीसारखे. म्हणाले, "गौतम बरा हाय ना? कोन बोलत व्हता, त्याला मुलगी झाली." मी म्हटलं, "हो दादा, बरा आहे." मला माहीत नव्हतं. मी नुसतं हो म्हटलं. चार दिवसांनी ते गेले.

दहाव्याला कुठकुठून माणसं आली. अलिबागचे मास्तर आले, सत्तरी ओलांडलेले. पनवेलचा छापखानेवाला आला. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं ती माणसं अंगणात एकमेकांना सांगत होती, मी पावत्या छापायचो, मी दाखले. वहिनी मला म्हणाल्या, "तो परभनीचा पोर नाय आला गं? ह्यांनी लय वाट बगितली त्याची." मी अंगणातून उठून रस्त्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि यार्डात गेले. आता जाऊन काय उपयोग, पण गेले. गौतम गेटपाशी ट्रकचे नंबर लिहून घेत होता. मला ओळखलं त्याने. "या मॅडम," म्हणाला. दादा गेल्याचं त्याला माहीत होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं. पासवर्ड, हळद, बुधवारची दुपार, गेटवर मी गप्प राहिले ते. मागे ट्रकवाला हॉर्न मारत होता.

मग त्याने विचारलं, "दादांना माहीत होतं, तुमी मला सांगितलं नाही म्हणून?"

"हो."

"तरी बोलले नाहीत?"

"नाही."

त्याने पेन खिशाला लावलं. पुन्हा काढलं. "नोकरीचं सोडा मॅडम, नोकरी दुसरी मिळाली," म्हणाला. "पण त्या माणसावर मी दीड वर्ष राग धरला. मयतीला गेलो नाही. तो राग तुमच्या वाट्याचा होता."

मी हो म्हणाले. तो ट्रककडे वळला आणि नंबर लिहून घेऊ लागला.